ठिपक्याचे प्याले

थोरल्या मास्तरांनी प्याला उचलला, डोळ्यांसमोर उंच धरला आणि तिथंच थांबले. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात त्यांनी प्याल्याचा तळ पाहिला. मग चाळीस-पंचेचाळीस माणसांदेखत खिडकीबाहेर हात काढून त्यातला रस ओतून दिला.

सांगलीच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन चालू होतं. प्रभूच्या आठवणीनं भाकरीचा एक तुकडा आणि मनुकांच्या रसाचा एक घोट. दर तीन महिन्यांनी. तबकं मांडायची, प्याले भरायचे आणि नंतर धुऊन कपाटात ठेवायचे, हे काम माझं. मी भिंतीला लागून उभी होते.

"बाई, हा इकडं कसा आला?" मास्तर म्हणाले.

मला वाटलं, रसात काही पडलं असेल. माशी, नाहीतर मनुकेचं साल. मी घाईनं दुसऱ्या तबकातला एक प्याला उचलला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही. मान वाकडी करून माझ्या हातातल्या प्याल्याचा तळ पाहिला.

"हाही तोच."

"तोच म्हणजे?"

"तळाला ठिपका आहे. ठिपक्याचे तुमच्या लोकांचे. दोन वर्षं मांडता आहात बाई, इतकंही ठाऊक नाही?"

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेब मेजामागं उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. ती प्रार्थना नव्हती. मास्तरांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली, घडी मोडू न देता रुमाल परत खिशात ठेवला.

"चालू द्या," ते म्हणाले. आणि चालू झालं.

मागच्या सतरंजीवर आष्ट्याची माणसं बसली होती. त्यांत माझी आई होती. मी तिच्याकडं पाहिलं. ती सतरंजीचे दोरे बघत होती.

मी याद्या करणारी बाई आहे. लहानपणापासून. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात माझ्याकडं चार कपाटांच्या चाव्या होत्या. चादरी, ताटं, पाट्या, कंदील, सगळं माझ्या वहीत. काय कुठं आहे हे डोळे मिटून सांगायचे. मडमसाहेब पाहुण्यांपुढं म्हणायच्या, "या बाईंच्या कपाटात सुई हरवत नाही." मला ते ऐकायला फार आवडायचं. आज सांगताना लाज वाटते, पण आवडायचं.

मी आष्ट्याच्या मांगवाड्यात जन्मले. बाप घायपाताचे दोर वळायचा आणि लग्नाकार्यात हलगी वाजवायचा. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या वेळच्या पाळकांनी सांगितलं, हलगी देवादिकांपुढं वाजते, ती सोड. त्यानं सोडली. खुंटीला टांगली ती टांगलीच. चामडं उंदरांनी खाल्लं. वर्षातून दोन महिने जे धान्य हलगीवर घरात यायचं ते बंद झालं. बाप कुरकुरला नाही. तो म्हणायचा, "तिथं सगळी एकाच ताटात जेवत्यात म्हनं." तिथं म्हणजे ख्रिस्ताच्या घरी. एवढ्या एका गोष्टीसाठी त्यानं हलगी सोडली होती.

बाप गेला तेव्हा मी साताऱ्याला मिशनच्या शाळेत होते. पुढं शिकून मास्तरीण झाले आणि सांगलीच्या बोर्डिंगात लागले. आई आष्ट्यातच राहिली. दर तीन महिन्यांनी ती वाड्यातल्या वीस-बावीस माणसांबरोबर सहा कोस चालत सांगलीला यायची. प्रभुभोजनासाठी. पहाटे निघायचं, नदीवर पाय धुवायचे, गाठोड्यातलं धुतलं लुगडं नेसायचं आणि मग चर्चची पायरी चढायची. मी तिला म्हणायचे, पावसापाण्याचं येऊ नकोस. ती म्हणायची, "जेवायचं बोलावणं हाय. न जाऊन कसं चालंल?"

थोरले मास्तर मुलांच्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पहिले पंच. त्यांचे आजोबा ब्राह्मणाच्या घरातून ख्रिस्ती झालेले. गावानं त्यांना दगड मारले होते, भावांनी जिवंतपणी श्राद्ध घातलं होतं. ही हकीकत दरवर्षी चर्चमध्ये सांगितली जायची. त्या आजोबांबद्दल मला आजही आदर आहे. मास्तरही काही दुष्ट माणूस नव्हते. खादी वापरायचे. स्वराज्य येणार म्हणून सांगायचे आणि मुलांकडून तशी भाषणं पाठ करून घ्यायचे. आजारी मुलाच्या उशाशी मी त्यांना बसलेलं पाहिलं आहे. आजोबांनी जानवं काढून टाकलं. नातवानं प्याल्याखाली ठिपका काढला. दोन्ही हात एकाच घराण्याचे.

ठिपके आले कसे, ते सांगते.

आधी चर्चमध्ये एकच मोठा प्याला होता. तो पुढच्या सतरंजीवरून मागच्या सतरंजीवर जायचा. पुढं मास्तरांचं घर, दोन-तीन मराठ्यांतून आलेली घरं, दवाखान्यातली माणसं. मागं आम्ही. मागून पुढं तो कधी आला नाही, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. मग दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की उष्ट्या प्याल्यातून क्षय पसरतो. खरंच होतं ते. मडमसाहेबांनी अमेरिकेला लिहिलं. लढाईच्या दिवसांतही दोन पेट्या आल्या. जाड काचेचे, अंगठ्याएवढे अठ्ठेचाळीस प्याले आणि भोकं पाडलेली दोन लाकडी तबकं. एका तबकात चोवीस बसायचे.

मडमसाहेबांनी पेट्या मास्तरांकडं दिल्या. आठवड्यानं मास्तरांनी त्या माझ्या ताब्यात दिल्या. तेव्हा चोवीस प्याल्यांच्या तळाला बाहेरून तांबडा ठिपका होता. मसुरीएवढा. मास्तर म्हणाले, "ठिपक्याचे दुसऱ्या तबकात. मिसळू नका."

मी विचारलं नाही, का. मला वाटलं पेटीची खूण असेल. एका पेटीतले साधे, दुसऱ्या पेटीतले ठिपक्याचे. उलट मला बरंच वाटलं. मोजायला सोपं. वहीत लिहिलं: प्याले बिनठिपक्याचे चोवीस, ठिपक्याचे चोवीस. पहिलं तबक पुढच्या सतरंजीवर न्यायचं, दुसरं मागच्या. धुताना दोन पातेली, पुसायला दोन फडकी. माझी शिस्त. कुणी सांगितली नव्हती.

वर्षभरात ठिपके घासून पुसट झाले. काही तर दिसेनात. शाळेच्या बाकांवर नंबर घालायचा तांबडा रंग माझ्या कपाटात होता. एका शनिवारी दुपारी मी ओसरीत बसले, बारीक कुंचला घेतला आणि चोवीसही ठिपके पुन्हा उठावदार केले. प्याले उपडे घालून उन्हात वाळवले. मुली बघायला आल्या. एक म्हणाली, "बाई, कुंकवावानी दिसतंय." मी हसले. काम चांगलं झालं होतं.

मास्तरांनी पहिल्यांदा काढले. दुसऱ्यांदा मी काढले. माझ्या आईच्या प्याल्याखालचा ठिपका माझ्या हातचा होता.

त्या शनिवारनंतर वर्ष गेलं आणि धुताना एक साधा प्याला माझ्या हातून फुटला. पहिल्या तबकात एक भोक रिकामं. मला रिकामी जागा बघवत नाही. आष्ट्याचं एक माणूस येणार नव्हतं, म्हणून दुसऱ्या तबकातला एक घेतला आणि कडेला लावला. तोच मास्तरांच्या हाती आला. प्याला डोळ्यांसमोर उंच धरून मगच पिण्याची त्यांची रीत होती. दोन वर्षं मी ती भक्ती समजत होते. ते तळ बघत होते.

त्या दुपारी मी प्याले धुतले. एकेक उपडा करून बघितला. आष्ट्याची माणसं केव्हाच निघून गेली होती. आई जाताना भेटून गेली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

सोमवारी मी पाळकसाहेबांकडं गेले. ते साताऱ्याकडचे. महारांतून आलेले. मला वाटलं होतं, ते तरी ऐकतील.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं."

"मग?"

"बाई, मी इथं आलो तेव्हा ही माणसं माझ्या हातची भाकर घ्यायला तयार नव्हती. आज घेतात. बारा वर्षं लागली. हळूहळू होईल." मग ते म्हणाले, "पौलानं सांगितलंय ना, विश्वासात दुर्बळ असलेल्या भावाला आपल्यामुळं अडखळण होऊ नये."

मी म्हणाले, "साहेब, इथं दुर्बळ कोण? सहा कोस चालत येते ती माझी आई, का ठिपका बघून हात झटकतात ते मास्तर?"

पाळकसाहेब उठून दाराशी गेले. त्यांच्या प्याल्याखाली काय होतं, ते मला माहीत होतं. त्यांचा प्याला मीच भरायचे, दुसऱ्या तबकातून. मास्तरांनी पहिल्या दिवशी तसं सांगितलं होतं. मी ते सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असणारच.

मडमसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दोनदा "अरेरे" म्हणाल्या. मग पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "परंतु मी येथे पाहुणी आहे. आता तुमचा देश तुमच्या हाती येत आहे. मंडळीही तुमच्या हाती यावयास हवी. हे तुम्हीच आपसांत सोडवावे."

"आपसांत म्हणजे कुणी, मडमसाहेब? आम्हांला तर वेगळे प्याले आहेत."

वीस वर्षांपूर्वी आष्ट्याला येऊन याच बाईंनी मला मांडीवर घेऊन अक्षरं शिकवली होती.

त्या आठवड्यात मी प्रार्थना केली नाही. बोर्डिंगातल्या मुलींबरोबर गुडघे टेकायचे, ओठ हलवायचे, आत काही नाही. मला शिकवलं होतं की त्या भोजनाला प्रभू स्वतः हजर असतो. मी विचारत होते, कुठल्या तबकापाशी? पहिल्या तबकापाशी असेल तर तो माझा नव्हे. दुसऱ्यापाशी असेल तर दोन वर्षं गप्प कसा बसला? मी ठिपके रंगवत होते तेव्हा माझा हात का धरला नाही? याचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही. आजही मिळालेलं नाही. मिळालंय असं सांगणारी माणसं भेटतात. मी त्यांच्याकडं फार वेळ बसत नाही.

पण मी चर्चच्या मेजावरचं शास्त्र, आमचं बायबल, काढून बसले. यादी तपासावी तसं तपासलं. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब दर वेळी एकच उतारा वाचायचे, प्रभूचा प्रेषित पौल यानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातला. प्रभूनं भाकर कशी घेतली, प्याला कसा घेतला, तो. मला पाठ होता. या खेपेला मी त्याच्या वरच्या ओळी वाचल्या. तिथं पौल रागावला आहे. तो विचारतो की तुम्ही जेवायला जमता आणि काहीजण आधीच खाऊन घेता, काहीजण उपाशी राहतात, ही काय रीत झाली? ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाज आणता. असल्या भोजनाला प्रभूचं भोजन म्हणूच नये.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. बारा वर्षं पाळकसाहेब त्याच ओळींच्या खालून वाचायला सुरुवात करत होते. बोट ठेवायची जागा ठरलेली. पानाच्या त्या जागी कागद मळून काळा झाला होता. वरच्या ओळींचा कागद कोरा करकरीत.

मग ते शेवटचं भोजन वाचलं. त्या मेजाशी धरून देणारा यहूदाही बसला होता. प्रभूला माहीत होतं. तरी त्याचा हात त्याच ताटात होता. त्याला वेगळं ताट दिल्याचं कुणी लिहिलेलं नाही. ज्यानं प्रभूला विकलं त्याला प्रभूचंच ताट, आणि ज्यानं प्रभूसाठी हलगी सोडली त्याच्या बायकोला ठिपका.

पुढच्या शनिवारी मी आष्ट्याला गेले. आई दारात बसून घायपात विंचरत होती. मी शेजारी बसले. कसं सांगायचं ते ठरवून गेले होते. पहिलं हे, मग ते. पण एकदम म्हणाले, "आई, त्या प्याल्यांना खाली ठिपका होता."

"ठाव हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"कधीपासून?"

"पयल्याच खेपंला. रिकामा करून बगितला तर तांबडं दिसलं. तुझ्या चुलतीनंबी बगितलं. सगळ्यांस्नी ठाव हाय."

"मग मला बोलली का नाहीस?"

आता तिनं हात थांबवला. माझ्याकडं बघितलं. "तुला काय सांगायचं? मांडणारी तूच की. मला वाटलं, तुला ठाव हाय."

मी तिच्यापुढचं घायपात उगाच सारखं करू लागले.

"मागल्या साली ठिपकं नवं केल्यालं दिसलं," ती म्हणाली. "म्हणलं, पोरीला नोकरी हाय, तिथं ऱ्हायचं हाय. करावं लागत आसंल."

"आणि तू पीत राहिलीस?"

"तुझा हात लागल्याला हुता न्हवं त्याला." तिनं घायपाताचा पेड परत हातात घेतला. "म्हणून पीत हुते. दुसऱ्या कुणाचा आसता तर मी कवाच टाकून दिला आसता बग."

मास्तरांनी चाळीस माणसांत माझा अपमान केला. तो मी कधीतरी विसरले असते. पण दोन वर्षं माझी आई असं धरून चालली होती की तिची लेक जाणूनबुजून तिला वेगळा प्याला देते. आणि तिनं ते मला माफ करून टाकलं होतं. न बोलता. सहा कोस चालत येऊन, चार वेळा वर्षाला.

मी म्हणाले, "आई, मला माहीत नव्हतं."

"आसूं दे," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला की नाही, ते मला आजपर्यंत कळलं नाही.

सांगलीला परत येताना वाटभर एकच विचार. पुढच्या प्रभुभोजनाला अडीच महिने होते. त्या दिवशी मी ते तबक आईपुढं धरणार होते की नाही? बाकी सगळं नंतर.

आधी वाटलं, ठिपके खरवडून टाकावेत. सुरीनं पाच मिनिटांचं काम. कुणाला कळायचंही नाही. मग विचार केला: कळलं नाही तर बदललं काय? मास्तर दुसरी खूण काढतील. आईला कळणार नाही. मास्तरांना कळणार नाही. फक्त माझं मन हलकं होईल. आणि चोरून केलेलं असेल. ठिपकेही चोरूनच आले होते. मला चोरून काही करायचं नव्हतं.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी ओसरीत बसले. तोच तांबडा रंग, तोच कुंचला. साधे तेवीस प्याले उपडे मांडले आणि तेविसांना ठिपका दिला. वाळवले. मग सगळे एकत्र केले. वहीत जुनी ओळ खोडली आणि लिहिलं: प्याले सत्तेचाळीस.

आमच्या चर्चमध्ये भोजनाच्या आधी साक्ष द्यायची वेळ असते. कुणाला प्रभूनं काय दिलं, कोण आजारातून उठलं, ते उभं राहून सांगायचं. बायका सहसा बसूनच सांगत. मी उभी राहिले. पाठ करून ठेवलं होतं, तेवढंच बोलले.

"दोन वर्षं मी या मंडळीत दोन प्रकारचे प्याले मांडले. माझ्या आईला आणि माझ्या माणसांना ठिपक्याचे. पुसट झालेले ठिपके मीच रंगवले. मला अर्थ ठाऊक नव्हता, पण मी विचारलंही नाही. हा माझा दोष, तो मी कबूल करते. आता सगळ्याच प्याल्यांना ठिपका आहे. कुठलाही उचला. बघायची गरज नाही."

"खाली बसा, बाई," मास्तर म्हणाले.

"बसते. पण तबक आधी तुमच्याकडं येईल."

पाळकसाहेबांनी उतारा वाचला. नेहमीच्याच जागेपासून. मी पहिलं तबक उचललं आणि मास्तरांपुढं धरलं. त्यांनी एक प्याला वर काढला, तळ पाहिला, परत भोकात ठेवला. दुसरा काढला. तोही ठेवला. मग हात मांडीवर ठेवले. शेजारच्यानं नको म्हणून मान हलवली. त्याच्या शेजारच्यानं तबक माझ्या हातातून न घेताच पुढं जायची खूण केली. बायकांत दोघीतिघींनी पदर तोंडावर घेतला. मडमसाहेबांनी मात्र एक प्याला घेतला आणि तळ न बघता प्यायल्या. त्यांचं धाडस तेवढंच. दुसऱ्यांना त्या काही बोलल्या नाहीत.

तेवीस भरलेल्या प्याल्यांचं तबक घेऊन मी मागच्या सतरंजीकडं गेले. दुसरं तबक तिथं होतंच. दोन्ही आष्ट्याच्या माणसांपुढं. माझ्या चुलतीनं आईला कोपरानं ढोसलं.

आईनं दोन्ही तबकांकडं बघितलं आणि चर्चभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज दोन-दोन येत्याल की गं वाट्याला."

"आगं, गप ए म्हातारे," चुलती म्हणाली. पण ती हसत होती. मागची सगळी सतरंजी हसली. प्रभुभोजनात हसू नये, असं आम्हांला शिकवलेलं होतं.

आईनं एक प्याला घेतला. उलटा केला नाही. प्यायली. मग माझ्याकडं बघितलं. मी घेतला नव्हता. "तुझा?" तिनं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

गुरुवारी पंचांनी मला बोलावलं. पाच माणसं, एक मेज. मला बसायला सांगितलं नाही. पाळकसाहेबांनी कागद वाचला. मी मंडळीत फूट पाडली होती, पवित्र भोजनाचा तमाशा केला होता. तरी माझी इतक्या वर्षांची सेवा बघून मंडळी मला क्षमा करायला तयार होती. मी येत्या रविवारी उभं राहून माफी मागावी. आणि नव्यानं काढलेले तेवीस ठिपके खरवडून द्यावेत.

"फक्त तेवीस?" मी विचारलं.

"फक्त तेवीस," मास्तर म्हणाले. "बाकीचे होते तसे."

त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आवाज चढलेला नव्हता. दुरुस्ती सांगावी तसं सांगत होते. मी पाळकसाहेबांकडं बघितलं. ते कागदाची घडी घालत होते. लहान, आणखी लहान.

मी कमरेची चाव्यांची जुडी सोडली आणि मेजावर ठेवली. वही शेजारी ठेवली.

"चार कपाटं," मी म्हणाले. "चादरी, ताटं, कंदील, सगळं वहीत आहे, ताडून घ्या. प्याले सत्तेचाळीस. सगळे ठिपक्याचे. खरवडायचे तर सत्तेचाळीस खरवडीन. नाहीतर एकही नाही."

"अंगाशी येईल, बाई," मास्तर म्हणाले.

"आलंय, मास्तर. तेवढ्यासाठीच उभी आहे."

आठ दिवसांत बोर्डिंगातली खोली सोडली. आष्ट्याला आले आणि वाड्यातल्या पोरांची शाळा धरली. बसायला आधी बाप दोर वळायचा ते छप्पर होतं, नंतर खोली झाली. माझ्या जागी सांगलीला दुसरी बाई लागली. तेवीस ठिपके तिनं खरवडले असं ऐकलं. तिच्यावर माझा राग नाही. मी दोन वर्षं त्याच जागी होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. स्वराज्य आलं. मडमसाहेब मायदेशी गेल्या. मास्तर वारले, त्यांना पुरलं तेव्हा मी गेले होते. आईही गेली. चर्चमध्ये नवे प्याले आले आहेत, त्यांना ठिपके नाहीत. लोक मला सांगतात, बघा, बदललं की नाही? तुम्ही उगाच अढी धरली आहे.

मी बघितलंय. ठिपके नाहीत. तबकं अजून दोन आहेत. एक पुढच्या सतरंजीवर जातं, एक मागच्या. कुणी सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून दर तीन महिन्यांनी मी आष्ट्याहून सांगलीला येते आणि पुढच्या सतरंजीवर बसते, जिथं मास्तर बसायचे तिथं. शेजारची माणसं थोडी सरकतात. तबक माझ्यापुढं येतं. मी दर वेळी एकच विचारते, "दुसरं तबक कुठं आहे?" आणि प्याला न घेता तबक पुढं देते.

मी चर्च सोडणार नाही. ते माझ्या बापानं हलगी देऊन घेतलेलं घर आहे. दोन तबकं एक होत नाहीत तोवर पिणारही नाही. त्याआधी मेले तर न पिता मरेन. त्यांनी माफ करावं म्हणून नाही, आणि प्रभूनं शाबासकी द्यावी म्हणूनही नाही. रिकामी जागा मला बघवत नाही, असं मी वर लिहिलं आहे. आता त्यांनी बघावी. पुढच्या सतरंजीवर, दर तीन महिन्यांनी, एक न घेतलेला भरलेला प्याला.